दोन बोटांचं भांडण

दादा, आधी वाईट बातमी सांगते. तू शेवटचा ठोकून ठेवलेला डावा कमानपाटा मी परत ऐरणीवर घेतला आणि त्याची कमान उतरवली. बरोबर दोन बोटं. जी दोन बोटं उतरवायला तू उभ्या आयुष्यात कबूल झाला नाहीस, तीच.

तुझा तेरावा नुकता झाला होता, घरातले पाहुणे अजून पांगलेही नव्हते. कुपवाडच्या आपल्या शेडमध्ये आपली छोटी गाडी, बुटकी, मागून लोखंडी घोड्यांवर टेकवलेली होती, मागची चाकं काढलेली, आणि शेजारच्या फळीवर तुझा तो पाटा. तुझ्या अभिजितने त्याला हार घातला होता. आल्यागेल्या बायकांनी हळदकुंकू वाहून वाहून लोखंड दिसेनासं केलं होतं. कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर स्टेटस ठेवलं, तुझं गावातलं नाव घालून खाली लिहिलं, 'आण्णांची अखेरची कलाकृती'. हे वाचून हसता हसता तुला ठसका लागला असता. जन्मभर उसाच्या ट्रकांचे पाटे ठोकलेस, तेव्हा यातल्या एकालाही त्यात कला दिसली नव्हती.

पाहुण्यांना मला समजावत बसावं लागलं. गाडीच्या मागच्या दोन चाकांवर दोन पाटे असतात, एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे, धनुष्यासारखे वाकवलेले. गाडीचं मागचं सगळं ओझं त्यांच्यावर. कमान जास्त दिली की गाडी मागून उंच उभी राहते, उतरवली की खाली बसते. दादाने डावा केला, उजवा राहिला. आहेत तसे बसवले तर गाडी एका कुशीवर कलून उभी राहील. म्हणजे एक तर उजवाही त्याच्या मापाने करायचा, नाहीतर दोन्ही माझ्या मापाने. एवढं ऐकून सगळ्यांनी एका सुरात निकाल दिला की आता काय, दादाच्या मनासारखं होऊ दे.

मी म्हटलं, "मेला म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही."

त्यावर सगळ्यांची जी तोंडं झाली ती तुला आवडली असती. मावशीने माझ्या हाताला धरून मला आत नेलं आणि पाणी दिलं. तिला वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलंय. डोकं फिरलेलंच होतं, पण रागाने.

राग कसला ते सांगते. अभिजितचा बेत मला तोवर कळला होता. दोन्ही पाटे तुझ्या मापाने करायचे, बुटकीला नवा रंग द्यायचा, शेडच्या दारात चौथरा बांधून त्यावर तिला कायमची चढवायची, वर पत्रा, मागे भिंतीवर तुझा मोठा फोटो. चाकं जमिनीला लावायची नाहीत, म्हणजे टायर खराब होत नाहीत. तुझं पोरगं वाईट नाही, दादा. बाप गेला, काहीतरी करावंसं वाटतं. पुण्यातल्या नोकरीतून इथं वरचेवर येणं जमत नाही, मग निदान बापाचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहील, असा त्याचा साधा हिशेब. पण चौथऱ्यावरची गाडी म्हणजे काय असतं ते तुला-मला माहीत आहे. तुला फोटोत बसवून झालं होतं, आता बुटकीचा नंबर होता. मी त्याला सांगितलं, ही गाडी चालणार. त्याने विचारलं, चालवणार कोण, आत्या? मी म्हटलं, मी. आत्याचं वय झालंय हे त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

शेवटचा शब्द वहिनींचा होता. गाडी बाबांची, बाबांनंतर तुझी, आणि आता त्यांची. आणि वहिनी त्या दिवसांत कुणाशीच धड बोलत नव्हत्या.

बुटकी आपल्याकडे कशी आली ते आठवतं ना? कुणा बंगलेवाल्याने हौसेने घेतलेली विलायती गाडी, दोन माणसांची, डोक्यावर छत नसलेली. पाटे बसलेत म्हणून तो ती बाबांकडे टाकून गेला आणि न्यायला फिरकलाच नाही. पुढे कधीतरी कागदही बाबांच्या नावावर करून दिले. ट्रकांच्या रांगेत ती इतकी खाली दिसायची की जतकडून नुकत्याच कामाला लागलेल्या बिरूने आल्या आल्या तिचं नाव बुटकी ठेवलं. तेच राहिलं.

तिचे पाटे पहिल्यांदा तू आणि बाबांनी केले. आपण सगळे ट्रकातले. ट्रकाचं काम कसं, गाडी जॅकवर उचलायची, पाटा चढवायचा, अधांतरीच सगळे बोल्ट आवळायचे आणि खाली सोडायची. ट्रकाच्या पाट्याला टोकाशी धातूचा बुश, म्हणजे बोल्टभोवतीची नळी असते, ती फिरते, त्यामुळे कुठंही आवळा, काही बिघडत नाही. बुटकीचे बुश रबरी. रबर अधांतरी आवळलं की ते तिथंच गच्च धरून बसतं, आणि मग गाडी जमिनीवर आली तरी तिला पुरती खाली बसू देत नाही. हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं, आपल्या शेडमध्ये रबर म्हणजे टायर नाहीतर चपला. तुम्ही तिला ट्रकासारखी हवेतच आवळून खाली सोडलीत, ती मागून ऐटीत वर उभी राहिली, बाबांनी तुझी पाठ थोपटली आणि तू जाहीर केलंस की हीच उंची.

मी तेव्हा साताऱ्याला आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवत होते. सुट्टीला आले आणि बुटकी बघून मला शेपूट वर केलेला विंचू आठवला. चालवून बघितली तर वळणावर मागून हलकी, ब्रेक दाबला की नाक खुपसणार, आणि दिव्यांचा सगळा उजेड पुढच्या चाकासमोरच्या मातीत. मी खाली शिरले, बोल्ट ढिले केले, शेजारच्या गोदामातून हळदीची दोन पोती मागून आणली आणि दोन्ही सीटांवर माणसं बसवावीत तशी बसवली. वजनाने गाडी आपली आपण खाली बसली, मग आवळले. दोन बोटं उतरली. तुझ्या लाडक्या उंचीशी पाट्याचा काही संबंधच नव्हता, ती नुसती आवळण्यातली चूक होती. बाबा पोट धरून हसले. तू हसला नाहीस, आणि जेवायलाही आला नाहीस.

पुढच्या खेपेला मी आले तर बुटकी परत वर. तू पाटे काढून त्यांची कमान वाढवली होतीस. आणि बोल्ट? बोल्ट मात्र माझ्या रीतीने, हळदीची पोती सीटवर ठेवून आवळलेले. म्हणजे माझी रीत उचललीस आणि माझं माप टाकून दिलंस. एका चुकीचं तू तत्त्व करून टाकलंस, दादा. इतका हट्ट मी दुसऱ्या कुणात बघितला नाही, आरशात सोडून.

तुझी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील मेल्यावर माझं तोंड दाबलं. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी आपल्या रस्त्यांना चाकोऱ्या पाडलेल्या, त्यात जो तो आपल्या दारापुढं स्पीडब्रेकर घालून ठेवतो. तुझं म्हणणं, खाली बसलेली गाडी इथं बूड घासत जाणार. आष्ट्याच्या अलीकडचा तो आडवा-तिडवा स्पीडब्रेकर तर तुझा हुकमी साक्षीदार होता. दोन माणसं घालून माझ्या उंचीची बुटकी त्याच्यावरून न टेकता जाणं शक्य नाही, हे तू इतक्या वेळा सांगितलंस की मला तो स्पीडब्रेकर आपल्या नात्यातला वाटायला लागला होता. "नंदे, तुजा टेप खरा आसंल, पन रस्ता आमचा हाय," असं म्हणायचास. मी म्हणायचे, एका स्पीडब्रेकरसाठी आख्खी गाडी वाकडी चालवायची का? आणि मापायची तुझी तऱ्हा तर काय सांगावी. मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पोलादी टेप लावायचे, आणि तू टायर नि मडगार्डच्या मधे बोटं खुपसायचास. तुझी घण मारून मारून केळ्याएवढी झालेली बोटं. दोन बोटं म्हणजे कुणाची, हे आधी ठरव, म्हटलं की चिडायचास.

मग ते असंच चालू राहिलं. मी उतरवून साताऱ्याला गेले की मागे तू चढवायचास. मी मे महिन्यात, तू दसऱ्याच्या आधी. बिरू घण खांद्यावर घेऊन दोघांच्या मधे उभा. एकदा वैतागून म्हणाला, "अक्का, आवं पाटा हाय ह्यो, फुगडी न्हाई." त्याचं खरं होतं. सारखं ठोकून पोलादही थकतं. पट्ट्या बदलाव्या लागल्या तेव्हा आपण दोघं त्या एकमेकांच्या नावावर लावत बसलो. आणि तरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना तू तुझ्या घणाशेजारी माझा टेप मांडायचास. तोंडाने त्याला शिव्या देत फूल वाहायचास. मी साताऱ्याला, हे मला बिरू सांगायचा. मी कधी कळल्याचं दाखवलं नाही.

आता जे कधीच बोलले नाही ते बोलते.

आमचे हे गेले तेव्हा साताऱ्याचं घर माणसांनी भरलं होतं. सगळे हळू आवाजात बोलत होते, जसं काही घरात मीच आजारी पडलेय. मी म्हणेन त्याला हो. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी हो, जास्त आहे म्हटलं तरी हो. त्या होकारांनी मला गुदमरायला झालं होतं. कुणी माझ्याशी वाकड्यात शिरेना. माझ्या शब्दाला काही वजनच उरलं नव्हतं, तो कुठं अडतच नव्हता. आणि एके सकाळी तू बुटकी घेऊन दारात. सांगलीपासून उघड्या गाडीत आलेला, भुवयांपर्यंत धूळ, गिअरच्या दांड्याशी भडंगाचा पुडा खोचलेला. दारातल्या बायका बघत राहिल्या. तू आत आलास, चहा घेतलास, ह्यांच्या फोटोला हात जोडलेस, त्यांच्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस आणि किल्ली माझ्यापुढे टाकलीस.

"चल यवतेश्वरला. मागनं कशी बसलीय सांग. आन् खोटं बोलू नगंस."

मी गेले. पांढऱ्या कपाळाने, उघड्या गाडीत, भर पेठेतून. मागे कोण काय म्हणालं ते मला नंतर सविस्तर कळलं. घाटातल्या पहिल्याच मोठ्या वळणावर मी म्हटलं, फार वर आहे, मागून सुटतेय. तू म्हणालास, तुझं वळणच चुकलं. मग काय, सुरूच झालो. तू मला टेपवाली म्हणालास, मी तुला म्हटलं की तुझ्या डोक्यातला बुश कुणीतरी अधांतरी आवळलाय, म्हणून तो हलत नाही. वर पठारावर पोचेपर्यंत माझा घसा बसला होता. तिथं गाडी बाजूला घेतली आणि मी रडले, ह्यांच्यासाठी पहिल्यांदा पोटभर रडले. तू उतरलास, गाडीला फेरी मारलीस आणि प्रत्येक टायर लाथ मारून मारून बघितलास. माझं रडून झालं तेव्हा पुडा पुढे केलास. आपण बॉनेटला टेकून भडंग खाल्लं.

इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं, दादा. तू भांडलास तेव्हा मला कळलं की मी आहे तीच आहे, माझं काही मोडलेलं नाही. याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मुद्दामच सांगितलं नाही, कारण त्याचाही संबंध तू गाडीच्या उंचीशी जोडला असतास.

म्हणून तुझ्याबद्दल मी हळू आवाजात बोलणार नाही. बाकीच्यांनी बोलावं. तुझ्या नावाला मागे-पुढे जी विशेषणं लागतायत ती ऐकून मला तू ओळखूसुद्धा येत नाहीस. म्हणे शांत स्वभावाचे होते. म्हणे कुणाचं मन मोडलं नाही. माझं मन तू किती वेळा मोडलंस याची साक्ष द्यायला मी अजून जिवंत आहे.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. डावा झाला, उजवा उद्या, तू मधे तोंड घालू नकोस, असं तू म्हणालास. मी म्हटलं, आले की सगळं खाली काढते. आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन वाजला तो बिरूचा. आता मावशी म्हणते, शेवटचं तरी गोड बोलायला हवं होतंस गं. कशाला? मी गोड बोलले असते तर तुला धडकी भरली असती, वाटलं असतं डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय. त्या फोनची मला मुळीच खंत नाही. माझी तक्रार उजव्या पाट्याची आहे. काम अर्धवट टाकून उठणं तुझ्या रक्तात नव्हतं, बाबांनी आपल्याला तसं शिकवलं नव्हतं, आणि तू उठलास. त्याचा राग आला आहे मला. तो कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतेय.

तर तेराव्यानंतरच्या त्या सकाळी मी शेडवर गेले. बिरू दुचाकी लावून आत आला तोवर मी हार काढून खिळ्याला अडकवला होता आणि पाट्यावरचं कुंकू फडक्याने पुसत होते. त्याला म्हटलं, घण घे. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "अक्का, आण्णांचा हात हाय त्याच्यावर." मी त्याला विचारलं, तुझ्या आण्णांनी माझा हात किती वेळा पुसून टाकला ते तूच सांग, दरवेळी घण तुझ्याच हातात होता. त्याला हसू आलं, आणि हसताना त्याच्या डोळ्यांना धार लागली. मग त्याने मधला बोल्ट सोडवून पट्ट्या सुट्या केल्या.

तुझे घाव दिसत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर, एकही उगाच नाही. खरं सांगू? मी त्यात काहीतरी शोधत होते. शेवटी शेवटी माणसं मऊ होतात असं सगळे म्हणतात. मला वाटत होतं, कुठंतरी तू मला थोडी सूट दिली असशील, निदान अर्धं बोट, बहिणीचं मन राखायला. मी टेप लावला. परत लावला. कमान तुझ्याच मापाची होती, उलट केसभर जास्तच. तू तसूभर हलला नव्हतास. मला इतका आनंद झाला की मी तिथंच बाकड्यावर बसकण मारली. तू मला दया दाखवून गेला नाहीस. सगळ्या जगाने माझ्यावर दया केली, तू शेवटच्या दिवसापर्यंत नाही केलीस.

मग मी तरी तुझ्यावर कशी करणार होते? पट्टी ऐरणीवर धरली आणि बिरूला म्हटलं, मार. काही वेळाने घण मीही घेतला. खांदा अजून दुखतोय. तुझी एकेक पट्टी मी माझ्या मापाला आणली, मग उजव्याच्या आणल्या, दोन्ही पाटे जोडून शेजारी शेजारी जमिनीवर ठेवून बघितले. सारखे. ते गाडीला चढवले, चाकं लावली, गाडी खाली घेतली, बोल्ट हातानेच लावून ढिले ठेवले. गोदामातून नेहमीप्रमाणे पोती आली. ताजी हळद होती, सीटा पिवळ्याधमक झाल्या.

आणि तेवढ्यात अभिजित वहिनींना घेऊन आला.

पोराने फळीकडे बघितलं, फळी रिकामी. मग खिळ्यावरचा हार बघितला. त्याचा चेहरा पडला. आत्या, हे काय केलंस, एवढंच म्हणाला, आणि तोंड फिरवलं. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, पण मी काही परत ठोकून देणार नव्हते. वहिनी मात्र सावकाश गाडीला फेरी मारून आल्या. शिराळ्याची बाई, घाईने कधी काही बोलली नाही.

"वन्सं, ह्यांचं काम मोडलंसा व्हय?"

"मोडलं, वहिनी. त्याने माझं दरवेळी मोडलंय."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग सीटांवरची पोती दाखवून त्यांनी विचारलं, ही कशाला. मी सांगितलं की बोल्ट आवळताना गाडीत दोन माणसांचं वजन लागतं, नाहीतर ती खरी बसत नाही. त्यांनी एक पोतं हाताने चाचपलं. मला वाटलं, आता त्या म्हणणार की पुरे झालं, पाटे काढा, चौथरा बांधा. त्यांनी म्हटलं असतं तर मी काय करणार होते? गाडी त्यांची होती.

"लगीन करून आले तवापास्नं ही गाडी बगतीय," त्या म्हणाल्या. "पोती बसली हिच्यात, मी न्हाई बसले. काडा ती."

खरंच, दादा. दोन सीटा. एकीवर तू, एकीवर मी, आणि मधे भांडण. बिरूने लगबगीने पोती उतरवली. तो सीट झटकायला गेला तर वहिनींनी त्याला थांबवलं आणि पदर सावरून डावीकडच्या सीटवर बसल्या. मी स्टिअरिंगमागे बसले. बिरू खाली शिरला आणि बोल्ट आवळायला लागला. अभिजितला मी टेप धरायला लावलं, तो नाखुशीने वाकला, मग गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर लेव्हल ठेवून बघ म्हटलं तर तेही केलं. बुडबुडा मधोमध आहे, असं तोच म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा तू होतास, काम जमल्यावरचा.

वहिनी उतरल्या तेव्हा त्यांच्या साडीला मागून सगळी हळद लागलेली. अभिजित कावराबावरा झाला. बाहेर दोन-चार नातेवाईक उभे होते. तो हळूच म्हणाला, आई, हळद लागलीय. वहिनींनी मागे वळून बघितलं, हात मात्र लावला नाही. लागू दे, म्हणाल्या. मग त्याने विचारलं, आणि चौथऱ्याचं? गवंड्याला सांगून ठेवलंय.

"चौथरा नगं," वहिनी म्हणाल्या. "गाडी हाय ती, तुळस न्हाई."

एवढं बोलून त्या परत गाडीत जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, चला. मी विचारलं, कुठं? तर म्हणाल्या, ह्यांचा तो स्पीडब्रेकर कुठला ते तरी बघू.

आम्ही गेलो. सांगलीतून, मग आष्ट्याच्या रस्त्याने, दोघी उघड्या गाडीत, एकीच्या साडीला हळद आणि दुसरीचे हात ग्रीसने काळे. बुटकी अशी चालली, दादा, की तू कबूल झाला नसतास पण गप्प मात्र बसला असतास. वळणावर रस्त्याला धरून, ब्रेकला नाक वर. वहिनींनी पहिले काही मैल दार घट्ट धरलं होतं, मग सोडलं. सीटच्या फटीत त्यांना भडंगाचा एक शेंगदाणा सापडला. तो त्यांनी पदराच्या टोकात बांधला.

आष्ट्याच्या अलीकडं तो दिसला. मी गाडी इतकी हळू केली की मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला. पुढची चाकं गेली. मागची चढली, उतरली, आणि खालून लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला. खर्रर्र. तू सांगायचास अगदी तसाच, तिथंच, दोन माणसं बसलेली असताना.

मी गाडी बाजूला घेतली. वहिनी समोर बघत होत्या. तेराव्यापासून त्यांच्या तोंडावर काही हललं नव्हतं, ते आता हललं.

"बोलले बगा हे," त्या म्हणाल्या.

आणि हसायला लागल्या. आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही. ट्रॅक्टरवाला बाजूने जाताना वाकून बघून गेला. मी या वेळी उतरले, गाडीला फेरी मारली आणि प्रत्येक टायर लाथ मारून बघितला.

शेडवर परत आलो तेव्हा बिरूने खाली वाकून घासल्याची खूण बघितली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, एक बोट वर घ्यायची का? मी त्याला टेप खिळ्याला लावून ठेवायला सांगितलं. उंची आहे तीच राहणार. एकदा टेकली म्हणून तू जिंकलास असं मी म्हणणार नाही, आणि तिथून कधी न टेकता जायची माझी इच्छाही नाही. तुला अजून काही म्हणायचं असेल तर आष्ट्याला म्हण. येत्या रविवारी आम्ही दोघी परत तिकडून जाणार आहोत.